चिठ्ठीवरचं नाव

या वर्षी राखेच्या बुधवारी चर्चमधून निघालो आणि थेट ई-रिक्षात बसलो. कपाळावर पाळकांनी अंगठ्याने ओढलेला राखेचा क्रूस, आणि चेहऱ्यावर मी घरूनच आणलेला पश्चात्ताप. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही.

"बाबूजी, माथे पर कालिख लग गई है."

"लगी नहीं, लगवाई है," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे रोजे लागणार होते. हँडलला खजुराची पिशवी हेलकावत होती. पुढच्या सिग्नलला त्याने, घरात कोणी सांगणारं नसलेल्या माणसाला सांगावं तसं, हळूच सांगितलं, "घर जाके साबुन लगा लीजिएगा. छूट जाएगी."

पापाबद्दल इतकं धीर देणारं वाक्य मी आजवर एकाही उपदेशात ऐकलेलं नाही.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस. आमच्या नगरकडे त्यांना नुसतं 'उपासाचे दिवस' म्हणत, इथे सगळे 'लेंट' म्हणतात. लखनौला लेंट आधी नाकाला कळतो. आंब्यांना बौर, म्हणजे आपला मोहोर, आलेला असतो, त्याचा तो गोडसर, किंचित आंबट वास गल्लीच्या तोंडाशीच थोपवतो. काटेसावर बिनपानांची लाल होऊन उभी असते. मग एका दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो, कडुनिंबाची सगळी पानं अंगणात आणून टाकतो, आणि हातगाडीवर ओल्या फडक्याखाली बोटाएवढ्या बारीक ककड्या दिसायला लागतात. नगरला या दिवसांत ज्वारीच्या खळ्यांचा वास असायचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते चाळीस दिवस चहात साखर घालत नसत, आणि पंचेचाळीस घरांत जाऊन तो बिनसाखरेचा चहा पीत. उपासाची जाहिरात करू नये असं शास्त्र सांगतं. वडील करत नसत, पण प्रत्येक घरी "साखर नको बरं का" एवढं म्हणावंच लागे.

त्यांचा मुलगा म्हणून मीही दर वर्षी काहीतरी सोडतो. लखनौला आलो त्या पहिल्याच वर्षी मी मक्खन-मलाई सोडली होती. चौक नावाच्या जुन्या बाजारात थंडीच्या सकाळी केशरी फेसाचे ढीग घेऊन लोक बसलेले असतात, ती. तोंडात घातली की नाहीशी होते; खाल्ली की नाही असा संशय यावा अशी वस्तू. मी मोठ्या गंभीरपणे बायकोला, शालिनीला, सांगितलं, "ईस्टरपर्यंत मलाईला शिवणार नाही." आठ दिवसांत ऊन तापलं आणि चौकातली मलाई हंगाम संपला म्हणून आपोआप बंद झाली. शालिनी म्हणाली, "छान. मग मी मार्चमध्ये आंबे सोडते."

पण त्या लेंटमधली माझी खरी करणी ही नव्हे. ती सांगायला सतरा वर्षं गेली आणि ज्यांच्यासमोर लाज वाटायची त्यातले बरेचजण आता नाहीत, म्हणून सांगतो.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा एक पद्धत होती. राखेच्या बुधवारी, उपासना संपली की पादरी साहब दानाची थैली रिकामी करून तिच्यात चिठ्ठ्या टाकत. प्रत्येक चिठ्ठीवर मंडळीतल्या एकाचं नाव. थैली फिरायची, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. जे नाव येईल त्याच्यासाठी चाळीस दिवस, रोज, प्रार्थना करायची. कोणाला सांगायचं नाही. ईस्टरच्या सकाळी हातात एक फूल घेऊन यायचं आणि त्या माणसाला द्यायचं: मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो. पादरी साहब यादी ठेवत नसत. "एक आप, एक ख़ुदावंद. तीसरे का क्या काम?" असं ते म्हणत. हे वाक्य लक्षात ठेवा. माझी पुढची दुर्दशा त्यातूनच आली.

मी चिठ्ठी उचलली. लगेच उघडली नाही. घरी जाऊन, गुडघे टेकून, शांतपणे उघडावी असा एक उदात्त विचार मनात आला. दुसरा विचार असा आला की सोडणं उद्यापासून सुरू, आज वाटेत चौक लागतो. त्यामुळे चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात गेली, आणि मी चौकात जाऊन शेवटची म्हणून दोन द्रोण मलाई खाल्ली. बोटं चिकट झाली. चिकट बोटांनी पवित्र चिठ्ठी कशाला उघडा? घरी आल्यावर सदरा काढून टाकला आणि कामावर गेलो. संध्याकाळी चिठ्ठी आठवली तेव्हा सदरा दोरीवर होता. खिशात हात घातला. साबणाच्या पाण्यातून आणि शालिनीच्या पिळ्यातून निघालेला, पेढ्याएवढा, पांढरा शुभ्र लगदा हाताला लागला.

मी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत काम करतो. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची आणि खाली लेबल लावायचं: नाव काय, कुठे सापडलं, कोणी आणलं. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, लेबल नसलेलं झाड म्हणजे वैरण. तो मी, हातात लगदा घेऊन दोरीखाली उभा.

"उन्हात धरून बघ, अक्षर दिसतं का," शालिनी म्हणाली.

मी भिंगाखाली धरून पाहिलं. शाईचा निळा ढग होता.

"पादरी साहबांना विचार."

"ते यादी ठेवत नाहीत."

"मग त्यांना सांग, हरवली."

"नवीन आलोय आपण इथे. काय म्हणतील?"

"म्हणतील, मराठी माणूस खिसा न बघता सदरा धुवायला टाकतो. खरं तेच म्हणतील."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी एक सोपी प्रार्थना तयार केली: "प्रभू, त्या चिठ्ठीवर कोणाचं नाव होतं हे तुला माहीत आहे. त्या व्यक्तीला सांभाळ." चार दिवस ही चालली. पाचव्या दिवशी शालिनी डोळे उघडून म्हणाली, "चिठ्ठी हरवलीस तू, आणि शोधायला देवाला लावलंस." तेव्हा पोरगी, आभा, सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "पापा, आपकी चिट्ठी में किसका नाम है?" मी म्हटलं, "बाळा, ते सांगायचं नसतं." तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "पर आपको पता तो है ना?"

मग मी शास्त्रज्ञासारखा वागायचं ठरवलं. मंडळीत मोठी माणसं साठ-पासष्ट. नावं वहीत लिहिली, आणि रोज दोन जण असे वाटून घेतले. सगळ्यांसाठीच प्रार्थना केली की ते नाव त्यात कुठेतरी येणारच. चाळीस दिवस नाही तर नाही, एक दिवस तरी. पण नुसत्या नावासाठी प्रार्थना काय करणार? निदान माणसाचं बरं काय, दुखतं काय, ते माहीत हवं. म्हणून रविवारी उपासना संपली की मी कोणाजवळ तरी जाऊन उभा राहायचा. "घर में सब ख़ैरियत?" कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची बदली. लोकांना वाटलं, काय प्रेमळ माणूस आलाय महाराष्ट्रातून. त्या दिवसांत आम्हाला इतक्या घरी चहाला बोलावलं की शालिनीने विचारलं, उपासाचे दिवस आपलेच आहेत ना?

आज आठवतं ते हेच सगळं: कोणाच्या गच्चीवर वाळणाऱ्या बटाट्याच्या पापडांचा वास, संध्याकाळच्या घरगुती बंदगीत, म्हणजे प्रार्थनासभेत, वर्तुळात बसलेले लोक, हार्मोनियमचा एक दमेकरी सूर, आणि हिंदीत प्रार्थना करायची पाळी आली की माझ्या पाठीतून निघणारा घाम. घरी आम्ही देवाला अरे-तुरे करतो. हिंदीतही तो 'तू'च, पण माझ्या मनात लखनौची भीती इतकी बसलेली की एकदा मी देवाला "आप तशरीफ़ रखिए" म्हणालो. कोणी हसलं नाही. लखनौच्या लोकांचा हा मोठेपणा, आणि हाच जाच.

एकच बाई होती जी डोळे उघडून माझ्याकडे वळून पाहायची. मिस लाल.

मिस लाल म्हणजे एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन. उंच, ताठ, पांढऱ्या साडीला कांजी. लग्न केलं नव्हतं, इथल्याच लालबागेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, कडेला. मी मराठी सवयीने गळा मोकळा सोडून गायलो की तिसऱ्या बाकावरून मान वळायची. आभाने पाय हलवले की मान वळायची. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, मी डॉक्टर साळवे. त्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत तपासलं आणि विचारलं, "किस चीज़ के?" मी म्हटलं, वनस्पतींचा. "अच्छा, घास-फूस वाले," त्या म्हणाल्या, आणि माझा निकाल लागला.

माझ्या वहीत त्यांचं नाव सतराव्या दिवशी होतं. ती सकाळ मला स्पष्ट आठवते. खिडकीतून निंबाची पानं आत येत होती. मी त्यांच्या नावापर्यंत आलो आणि थांबलो. मनात म्हटलं, यांना काय कमी आहे? यांच्यासाठी कोण काय मागणार? उलट देवालाच या ताठ बसायला सांगत असतील. आणि मी पुढच्या नावावर गेलो. स्वतःवर खूश होऊन गेलो, कारण विनोद बरा जमला होता.

चिठ्ठी धुतली गेली तो अपघात होता. हा नव्हता.

ईस्टरला सूर्य उगवायच्या आत उपासना असते. चर्चच्या आवारात निंबाखाली चटया, मेणबत्त्या, वाऱ्याने विझणाऱ्या आणि पुन्हा पेटवलेल्या. "प्रभु जी उठा है," "सचमुच जी उठा है." मग उजाडतं, मोठ्या पातेल्यात चहा उकळायला लागतो, उकडलेली अंडी आणि बन वाटले जातात, आणि फुलं द्यायची वेळ येते. मी संस्थेच्या माळ्याकडून एक देशी गुलाब मागून आणला होता. माझी योजना तयार होती. सगळ्यांची फुलं देऊन झाली की ज्याच्या हातात फूल नाही, तो माझा. खिडकीत उभं राहून दुसऱ्याच्या पेपरातलं उत्तर पाहावं तसा मी चटईच्या कडेला उभा राहिलो.

लोक एकमेकांना शोधत होते, मिठ्या मारत होते. एका आजोबांनी शालिनीला झेंडू दिला तेव्हा ती चक्क रडली. हळूहळू हात फुलांनी भरत गेले. गर्दी चहाकडे सरकली, आणि निंबाखाली एकच माणूस रिकाम्या हाताने उभं राहिलेलं दिसलं. वॉर्डाची तपासणी असावी तशा, ताठ. कोणाकडे पाहत नव्हत्या. फक्त साडीचा पदर दोन बोटांत धरून पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

मी गेलो आणि गुलाब पुढे केला.

"आप?" मिस लाल म्हणाल्या. मग फूल घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते त्यांच्या तोंडून ऐकायची मला सवय नव्हती. आवाज खाली होता. "रोज़?"

आता सांगायची वेळ होती. मी म्हणालो, "जी."

"रोज़," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तभी. परसों मेरा ऑपरेशन है, साळवे जी. छाती में गाँठ है. पादरी साहब के सिवा किसी को नहीं बताया. कितनों को मैंने थिएटर में भेजा, हाथ पकड़ के, कि डरो मत. ख़ुद की बारी आई तो नींद उड़ गई. फिर चिट्ठियाँ बँटीं. मैंने सोचा, किसी के पास तो मेरा नाम है. उस दिन से सो रही हूँ."

मी चहा आणतो म्हणालो आणि पळालो.

त्या दिवशी घरी मटण होतं. लेंटमध्ये आमच्याकडे मटण शिजत नसे, त्यामुळे चाळीस दिवसांनी. ताटातला पहिला घास तसाच राहिला. शालिनीने काय झालं विचारलं नाही. तिने निंबाखाली सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. एवढंच म्हणाली, "जा."

"आता काय सांगू? परवा तिला आत नेणार. झोप लागते तिला. ती कशाला मोडू?"

"तिच्यासाठी गप्प बसतोयस की स्वतःसाठी, तेवढं ठरव. मग जा नाहीतर जेव."

मी ठरवायला संध्याकाळपर्यंत वेळ घेतला. ऊन उतरताना लालबागेत गेलो. मिस लाल एक छोटी पेटी भरत होत्या: टॉवेल, पवित्र शास्त्र, चष्मा. गुलाब काचेच्या औषधाच्या ग्लासात उभा होता. मी बसलो नाही. दारातच सगळं सांगितलं. मलाई, सदरा, बादली, लगदा. वही. आणि सतरावा दिवस. विनोदही सांगितला, जसाच्या तसा. तो सांगताना अजिबात विनोदी वाटला नाही.

त्या ऐकत राहिल्या. टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली.

"तो चालीस दिन मैं किसके भरोसे सोई?" त्यांनी विचारलं.

एखाद्या पाळकाला लगेच उत्तर सुचलं असतं: प्रभूच्या. मलाही ते वाक्य पाठ होतं, लहानपणापासून; पण ते म्हणायचा अधिकार त्या खोलीत मला नव्हता. खाली गल्लीत ककडीवाला ओरडत गेला.

"बैठिए," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या, आणि राग लपवत नव्हत्या. "अब कीजिए. मेरे सामने. ज़ोर से, मुझे सुनना है."

मी डोळे मिटले आणि हिंदीत सुरू केलं. दोन वाक्यांत हिंदी संपली. माझ्याकडची हिंदी दुसऱ्यांच्या गुडघ्यांपुरती होती. एवढ्या भीतीला पुरणारी नव्हती. मग मी मराठीत गेलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. त्यांचा हात कोणीतरी धरावा असं म्हणालो. वडील आजारी माणसाजवळ बसून बोलत तसं, देवाला अरे-तुरे करत, बरंच बोललो. आमेन म्हटल्यावर डोळे उघडले तर मिस लाल माझ्याकडेच पाहत होत्या. डोळे त्यांनी मिटलेच नव्हते.

"एक लफ़्ज़ समझ में नहीं आया," त्या म्हणाल्या. "क्या कहा?"

"यही कि आप डाँटती बहुत हैं, पर..."

"वो उसे मालूम है," त्या म्हणाल्या. "कल सुबह फिर कीजिएगा. और परसों. ईस्टर हो गया करके छोड़ मत दीजिएगा."

मी सोडलं नाही. गाठ निघाली, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले, त्याआधीच्यापेक्षा कुरळे. त्या तिसऱ्या बाकावर परत आल्या. पुढची सोळा वर्षं दर रविवारी, चर्चच्या फाटकात, एखाद्या पेशंटने गोळ्या घेतल्या का विचारावं तसं त्या मला विचारत, "घास-फूस वाले, हो रही है?" मी म्हणायचो, "जी, हो रही है." आणि ते खरं असायचं. आभाच्या दहावीत त्यांनी तिला बायॉलॉजी शिकवली, इतकी कडक की पोरगी पुढे कॉमर्सला गेली. आम्ही गोमती नगरला सातव्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा त्या वर आल्या, गॅलरीतून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, इतनी ऊँचाई पर तो दुआ भी लोकल कॉल है. सकाळच्या प्रार्थनेत आमचा एक क्रम ठरून गेला: आभा, नगरचा भाऊ, शालिनीची आई, मिस लाल. नाव न ठरवता जिभेवर यायचं.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, कोणाला न रागावता.

आता आमच्या धर्मात एक गोष्ट स्पष्ट आहे. निदान ज्या घरात मी वाढलो त्या घरात होती. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नाही. तो देवाच्या हातात पोहोचला, आता तिथे आपली शिफारस नको. वडिलांनीच हे शिकवलं. ते गेले तेव्हा दुसऱ्याच सकाळी मी त्यांचं नाव घ्यायचं थांबवलं. त्यांनी शिकवलेलं त्यांच्यावरच लावलं, आणि जमलं. मिस लालच्या बाबतीत जमेना. तेव्हापासून रोज जीभ तिथे येऊन अडखळायची, मी खाकरायचो, पुढे जायचो. परवा आमच्या तरुण पादरींना विचारलं. ते फार चांगले आहेत. म्हणाले, "अंकल, वो तो प्रभु के पास हैं. अब ज़रूरत नहीं है उनको."

'ज़रूरत नहीं है.' बरोबर बोलले. शास्त्राला धरून बोलले. फक्त हेच मी एकदा बोललो होतो, सतराव्या दिवशी, निंबाची पानं आत येत असताना. तेव्हा ते चूक होतं आणि आता बरोबर आहे, एवढा फरक माझ्या डोक्याला कळतो. जिभेला कळत नाही. तिला एवढंच कळतं की आपण त्या नावापर्यंत आलो आणि पुन्हा एकदा ते गाळून पुढे चाललो आहोत.

आज सकाळी शालिनीने टेबलावर पोहे आणून ठेवले, बसली, डोळे मिटले. मी सुरू केलं. आभासाठी, पुण्यात नोकरी लागली आहे. भावासाठी. सासूबाईंसाठी, ऐकू येत नाही आता. आणि तिथे आलो. या वेळी खाकरलो नाही. "मिस लाल," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं? बरं कर म्हणता येत नाही, सांभाळ म्हणता येत नाही, झोप दे म्हणता येत नाही. मागण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. नुसतं नाव होतं, आणि ते सोडून पुढे जायला मी तयार नव्हतो. आमेनही म्हणवेना.

बराच वेळ गेला असावा. भांड्याचा बारीक आवाज आला म्हणून मी एक डोळा किलकिला केला. शालिनीचे डोळे मिटलेलेच होते. चाचपडत तिने झाकणी शोधली, पोह्यांवर ठेवली, आणि हात पुन्हा जोडून बसली.